ध्वजनौका ‘म्हैसूर’: ताफ्याचा मेंदू

१/ आष्ट्याहून समुद्र गाठायचा तर सह्याद्री उतरावा लागतो; कृष्णेचे पाणी तर उलट्या दिशेने, बंगालच्या उपसागराकडे जाते. घाटावर नौदल म्हटले की तोफा आणि क्षेपणास्त्रेच आठवतात. पण ताफा चालवते कोण? उत्तर ‘म्हैसूर’ या नौकेच्या इतिहासात आहे.

२/ ताफ्याचा प्रमुख ज्या नौकेवर असतो, तिच्यावर त्याचा ध्वज असतो. तीच ध्वजनौका, म्हणजे फ्लॅगशिप. साऱ्या ताफ्याच्या हालचाली तिच्यावरून ठरतात.

३/ ‘म्हैसूर’चा पूर्वजन्म ब्रिटिश क्रूझर ‘नायजेरिया’चा. ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टा बेटाकडे रसद नेणाऱ्या १४ व्यापारी जहाजांच्या संरक्षणात ती रिअर ॲडमिरल बरो यांची ध्वजनौका होती.

४/ १२ ऑगस्टला इटालियन पाणबुडी ‘अक्सुम’चे पाणतीर ‘नायजेरिया’ आणि ‘कैरो’ या दोघींना लागले. बरो यांना ‘अशांती’ या विनाशिकेवर जावे लागले. लढाऊ विमानांना दिशा देण्याची यंत्रणा याच दोन नौकांवर होती. ताफ्याची घडी विस्कटली. अखेर ५ जहाजेच माल्टाला पोहोचली. मेंदूवरचा घाव काय करतो, ते त्या संध्याकाळी दिसले.

५/ भारताने ही नौका विकत घेतली आणि १९५७ मध्ये ती ‘म्हैसूर’ या नावाने नौदलात आली. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीच्या वेळी कारवारजवळच्या अंजदीव बेटावरील कारवाईत ती ‘त्रिशूल’सोबत होती. तिथे नौदलाचे ७ जण धारातीर्थी पडले.

६/ १९७१ मध्ये ती पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती; प्रमुख होते रिअर ॲडमिरल कुरुविला. ८ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्र नौका ‘विनाश’ने ‘तलवार’ व ‘त्रिशूल’ यांच्या साथीने कराचीवर हल्ला केला. कुरुविलांनी ‘म्हैसूर’सह उरलेला ताफा मकराण किनाऱ्याकडे वळवला होता.

७/ कराचीत पेटलेल्या तेलटाक्या जगाला दिसल्या. कोणाला कुठे धाडायचे, हा निर्णय कोणत्याच छायाचित्रात दिसत नाही. तो फसला असता, तर किंमत मोजली असती ती नौकांवरच्या खलाशांनीच. म्हणून ध्वजनौकेचे मोल तिने डागलेल्या तोफगोळ्यांवरून काढता येत नाही.

८/ २० ऑगस्ट १९८५ रोजी ती निवृत्त झाली. १९९९ मध्ये तिचे नाव मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या विनाशिकेला मिळाले.