तांब्याच्या दोन जोड्या

पावसाळ्यात आमच्याकडे एका आकड्यावर सगळ्यांचे लक्ष असते: कारधा पुलाजवळची वैनगंगेची पातळी. 245 मीटरला इशारा, 245.50 ला धोका. नदीच्या एका काठाला भंडारा शहर, दुसऱ्या काठाला आमचे कारधा, आणि मधून नागपूर-रायपूर महामार्ग. खाली गोसीखुर्द धरणाची पूर्ण संचय पातळीही 245.50 मीटरच आहे, त्यामुळे हा आकडा इथल्या शेतकऱ्यांना पाठ आहे. ऑगस्ट 2020 च्या शेवटच्या दिवसांत वरच्या धरणांचे पाणी एकदम आले आणि भंडाऱ्याच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा घराघरांत रात्रभर याच आकड्याची विचारपूस चालली होती.

माझा धंदा आकडे वाहून नेण्याचा आहे. पाण्याची टाकी, धर्मकाटा, भट्टीचे तापमान, नदीकाठच्या जॅकवेलमधली, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतली, पातळी. मोजणारे यंत्र एका ठिकाणी आणि बघणारा माणूस दोन-तीन किलोमीटरवर. मधे तार. त्या तारेच्या दोन्ही टोकांना शॉर्ट रेंज मॉडेम बसवणे आणि मधली तार अशी ठेवणे की पुराच्या रात्रीही आकडा खराच पोचेल, हे काम मी वर्षानुवर्षे करतो आहे. या कामाबद्दल मराठीत फारसे कोणी लिहीत नाही. तार टाकणाऱ्याला लिहायला सवड नसते आणि लिहिणाऱ्याला तारेशी घेणेदेणे नसते.

आधी अडचण सांगतो. यंत्र आणि संगणक यांच्यामधली जुनी बोलीभाषा म्हणजे आरएस-232. अमेरिकेत 1960 साली ठरलेले हे मानक आजही धर्मकाट्याच्या मागे, जुन्या पीएलसीच्या कडेला, पातळीमापकाच्या डब्यात नऊ पिनांच्या रूपात भेटते. तीन नंबरच्या पिनेतून संगणक बोलतो, दोन नंबरला ऐकतो, पाच नंबर दोघांची सामाईक जमीन. एकासाठी उणे व्होल्ट, शून्यासाठी अधिक व्होल्ट. पण 1969 च्या सुधारित आवृत्तीने त्याला पन्नास फुटांची, म्हणजे साधारण पंधरा मीटरची मर्यादा घातली. पुढे लांबीऐवजी तारेची धारिता मोजायला सुरुवात झाली: 2500 पिकोफॅरड, त्यापुढे नाही. टेलिफोनच्या जेली भरलेल्या केबलची धारिता किलोमीटरला 52 नॅनोफॅरडच्या आसपास असते. भागाकार केला की पन्नासेक मीटरमध्येच मर्यादा संपते. आणि जॅकवेलपासून नियंत्रण कक्ष अडीच किलोमीटर!

लोक म्हणतात, व्होल्टेज वाढवा. मी म्हणतो, जमीन तोडा. आरएस-232 ची खरी दुखरी जागा लांबी नाहीच, ती पाच नंबरची पिन आहे. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असते. नदीकाठच्या विहिरीजवळची जमीन ओली, टेकाडावरच्या खोलीची मुरमाड. एरवी त्यांच्यात थोड्याच व्होल्टचा फरक पडतो, पण मोटर सुरू होताना तो उसळतो, आणि वीज पडली तर हिशेबच राहत नाही. दहा हजार अँपिअरची वीज एका ओहमच्या उत्तम अर्थिंगमध्ये उतरली तरी त्या जागेची जमीन क्षणभर दहा हजार व्होल्टने वर जाते. दुसऱ्या इमारतीची जमीन जागच्या जागी. या दोन जमिनींना तुम्ही एका बारीक तांब्याच्या तारेने जोडले असेल, तर सगळा फरक त्या तारेतून दोन्हीकडच्या कार्डांवर तुटून पडतो. जळके कार्ड बदलून देणारे पुष्कळ भेटतात. ते का जळले हे विचारणारे कमी.

शॉर्ट रेंज मॉडेम नेमके हेच तोडतो. घरच्या इंटरनेटच्या जुन्या मॉडेमसारखा तो टेलिफोन एक्स्चेंजमधून नंबर फिरवत नाही, किणकिणत नाही. त्याला टोकापासून टोकापर्यंत सलग, कोरडी, फक्त स्वतःची तांब्याची तार लागते. यंत्राच्या बाजूला तो आरएस-232 बोलतो आणि तारेच्या बाजूला छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून बोलतो. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांमध्ये तांब्याचा संबंध नसतो, फक्त चुंबकाचा असतो. संदेश पलीकडे जातो, जमीन जात नाही. ट्रान्सफॉर्मरमधून स्थिर व्होल्टेज मात्र पार होत नाही, म्हणून सलग शून्ये आली तरी तारेवरची पातळी प्रत्येक बिटाला हलती राहील अशी सांकेतिक रचना आतमध्ये केलेली असते. इस्रायलमधली राड ही कंपनी 1981 साली सुरू झाली तीच अशा छोट्या मॉडेमच्या बळावर. वेगळा वीजपुरवठा न घेता संगणकाच्या सिग्नल पिनांवरच्याच शक्तीवर तो चाले. तळहातावर मावणारा डबा, मागे चार स्क्रू.

त्या चार स्क्रूंवर माझे सारे लक्ष असते. दोन स्क्रू पाठवणाऱ्या जोडीचे, दोन घेणाऱ्या जोडीचे. इकडची पाठवणारी जोडी तिकडे घेणाऱ्या स्क्रूंवर जाते. जॅकवेलकडून येणारी पांढरी-निळी, कक्षाकडून जाणारी पांढरी-नारिंगी, असा माझा नेम आहे, आणि दोन्ही टोकांच्या डब्यांच्या झाकणाला आतून मी तो लिहून चिकटवतो. एकाच जोडीच्या दोन तारा एकमेकींत उलट झाल्या तरी चांगल्या मॉडेमला काही फरक पडत नाही. पण जोडी फुटली तर फार मोठा फरक पडतो.

जोडी फुटणे म्हणजे काय, हे नीट सांगायला हवे, कारण आमच्या कामातली अर्धी दुखणी इथली आहेत. केबलमध्ये प्रत्येक जोडीच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून पुढे जातात. बाहेरून मोटरच्या केबलचा गोंगाट आला तर तो दोन्ही तारांवर सारखाच बसतो, आणि मॉडेम दोघींमधला फक्त फरक ऐकत असल्यामुळे गोंगाट वजा होतो. आता सांधा करणाऱ्याने घाईत पहिल्या जोडीची पांढरी आणि दुसऱ्या जोडीची नारिंगी अशी एक जोडी जुळवली. दोन्ही जोड्यांतली पांढरी सारखीच दिसते, पीळ सोडला की कुठली कोणाची ते कळत नाही. मल्टिमीटर लावा, सलगता उत्तम. पलीकडचे टोक जुळवून प्रतिरोध मोजा, तोही बरोबर: अर्ध्या मिलिमीटरच्या तारेला जाऊन-येऊन किलोमीटरला सुमारे 170 ओहम, अडीच किलोमीटरला सव्वाचारशेच्या आसपास. कागदावर सगळे ठीक. पण त्या सांध्यापुढे पाठवणारी आणि घेणारी एकमेकींच्या कानात बोलू लागतात. सेकंदाला 1200 बिटांच्या वेगाला चालते, 9600 ला चुका पडतात. मग कोणी तरी वेग कमी करतो आणि काम झाले असे समजतो.

एका पाणीपुरवठा योजनेवर हेच चालले होते. केबल धानाच्या बांध्यांतून गेलेली, सांधा बांधाच्या कडेला पुरलेला, आणि रोवणीचे दिवस असल्यामुळे बांधीत घोटाभर पाणी. जॅकवेलवरच्या ऑपरेटरने मला फोन केला: "भाऊ, इथं पानी चढून राह्यलं, अन् तुमचा आकडा काऊन हालत नाही?" त्याच्यासमोर भिंतीवरची मोजपट्टी होती आणि कक्षातल्या पडद्यावर तासापूर्वीचा आकडा ठाण मांडून बसला होता.

तिथे दोन गोष्टी बिघडल्या होत्या. पहिली सांध्याची: जोडी फुटलेली, वर सांध्यात पाणी. दोन्ही टोकांचे मॉडेम आणि विजेचा झटका जमिनीत वळवणारे सर्ज अरेस्टर काढून मी मेगर, म्हणजे तारांमधला निरोधक प्रतिरोध मोजणारे यंत्र, लावला. हे काढणे विसरू नये. अरेस्टरमधली वायूची नळी 230 व्होल्टला पेट घेते, आणि 500 व्होल्टचा मेगर लावला की चांगली केबलही खराब दिसते. मेमध्ये कोरड्या जमिनीत घेतलेले वाचन वहीत होते, त्यापुढे आताचे फारच खाली. सांधा उकरला, केबल मागे घेतली, पीळ अगदी शेवटच्या बोटभर जागेपर्यंत सांभाळून जोड्या रंगांप्रमाणे लावल्या, जेलीच्या कनेक्टरमध्ये दाबल्या आणि नवा सांधा बांधीत न ठेवता बांधावर उभ्या खांबाच्या डब्यात नेला. बांधीत सांधा पुरू नये, ही माझी हट्टाची गोष्ट आहे. चार महिने पाण्याखाली राहणाऱ्या मातीत कोणतीही सील पट्टी कायमची टिकत नाही.

दुसरी चूक पडद्याची, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. दुवा तुटला तरी पडदा शेवटचा आकडा तसाच दाखवत राहिला. बघणाऱ्याला वाटले नदी शांत आहे. मॉडेमच्या एक नंबरच्या पिनेवर पलीकडची लहर येते आहे की नाही हे कळते. ती पिन तोडून आखूड जोडणी करायची आणि फक्त दोन, तीन, पाच या तीन पिनांवर काम भागवायचे, ही सर्रास सवय आहे. तीन तारांनी आकडा येतो हे खरे. पण आकडा येणे थांबले हे सांगणारी तारच आपण कापून टाकलेली असते. मी एक नंबरची पिन, वाहक लहरीची, नेहमी जोडतो आणि ती गेली की पडद्यावर आकड्याच्या जागी आडव्या रेघा याव्यात असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडून करवून घेतो. ग्राहकाला रेघा आवडत नाहीत. तरी मी त्यावर मागे हटत नाही.

चुकीचा आकडा किती चुकीचा असू शकतो, हे एकदा कागदावर मांडून बघण्यासारखे आहे. 245.50 हा आकडा तारेवरून सहा अक्षरांनी जातो. अंक पाच म्हणजे सात बिटांत 0110101. त्यातला एकच बिट गोंगाटाने उलटला आणि 0110001 झाले, तर पलीकडे पाचऐवजी एक छापला जातो. 245.50 चे 241.50! धोक्याच्या पातळीवरची नदी पडद्यावर चार मीटर खाली. पाचाच्या सात बिटांत चार एके आहेत, एकाच्या सात बिटांत तीन; म्हणून एकांची संख्या सम ठेवणारा, सम पॅरिटीचा आठवा बिट ठेवला असेल तर हा घोळ पकडला जातो. दोन बिट एकदम उलटले तर पॅरिटी गप्प राहते. त्यासाठी पूर्ण संदेशाच्या शेवटी सीआरसी हा तपासणीचा आकडा लागतो, जो 1979 साली आलेल्या मॉडबस या यंत्रांच्या संदेशभाषेत सुरुवातीपासून आहे. नुसता आकडा फेकणारी, तपासणीचे काहीच शेपूट नसलेली यंत्रे आजही विकली जातात. नदीच्या पातळीसाठी ती घेऊ नयेत.

मॉडबसची स्वतःची एक खोच आहे. दोन संदेशांच्या मधे साडेतीन अक्षरांएवढी शांतता असली पाहिजे, 9600 ला ती साधारण चार मिलिसेकंद. मॉडेमवर पाठवणारी लहर सतत चालू ठेवण्याची सोय असते आणि हवी तेव्हाच चालू करण्याचीही. दुसऱ्या रीतीत लहर उठायला काही मिलिसेकंद जातात आणि संदेशाचे पहिले अक्षर खाल्ले जाते. दोनच टोके असतील तर लहर सतत चालू ठेवावी. एकाच जोडीवर अनेक यंत्रे असतील तरच दुसरी रीत, आणि तेव्हा उशीर मोजून जुळवावा.

पावसाळ्यापूर्वीची तपासणी मी मेच्या शेवटी करतो. पलीकडच्या मॉडेमला लूपबॅकवर टाकायचे, म्हणजे पाठवलेले तसेच परत येते, आणि 511 बिटांचा ठराविक नमुना पाठवून परत आलेल्यात किती बिट उलटले ते मोजायचे. दहा मिनिटांची चाचणी पुरत नाही. मोटर सुरू करून, बंद करून, पुन्हा सुरू करून ती चालवावी लागते. गोंगाट तेव्हाच असतो. मग अरेस्टरची अर्थ तार बघायची. ती जाड, सरळ आणि आखूड हवी. वेटोळे घालून नीटनेटकी बांधलेली लांब तार दिसायला छान, पण विजेच्या झटक्याला ती वाट देत नाही. आणि केबलच्या कवचाची अर्थिंग एकाच टोकाला, सहसा कक्षाच्या बाजूला. दोन्हीकडे केली तर ज्या दोन जमिनी ट्रान्सफॉर्मरने तोडल्या, त्या कवचाने पुन्हा जोडल्या.

आजकाल मला विचारतात, हे तांबे कशाला, फायबर टाका, नाही तर सिमकार्डवाला मॉडेम लावा. नवी चारी खोदायचीच असेल तर फायबरच टाकावे, मी स्वतः तेच सुचवतो. काचेतून वीज वाहत नाही, जमिनीचा प्रश्नच मिटतो. सिमकार्डाबद्दल मात्र मी सावध आहे. मोठ्या पुरात वीज जाते, टॉवर बॅटरीवर येतो, मग डिझेलवर, आणि डिझेल पोचवायचा रस्ता पाण्याखाली असतो. ज्या तासांत आकडा हवा नेमक्या त्याच तासांत तो गप्प होऊ शकतो. दुसरा मार्ग म्हणून सिम असावेच. पहिला म्हणून नसावे. आणि जिथे चांगली केबल आधीच जमिनीत आहे, दोन कोरड्या जोड्या शिल्लक आहेत, तिथे सहा अक्षरांसाठी चारी उकरणे मला पटत नाही. 9600 च्या वेगाने सेकंदाला 960 अक्षरे जातात. नदी कितीही वेगाने चढली तरी इतक्या वेगाने चढत नाही.

ही केबल जमिनीत कुठून गेली आहे ते माहीत असलेली माणसे मात्र कमी होत चालली आहेत. रस्ता रुंद होतो, जेसीबी येतो, दुपारपर्यंत तार तुटलेली असते, आणि नकाशा कोणाकडेच नसतो. मी माझ्या प्रत्येक कामाची रेघ वहीत काढतो: कोणत्या पुलाच्या कोणत्या कडेने पाइप गेला, किती मीटरवर सांधा, मेमधले मेगरचे वाचन किती, जुलैमधले किती. एक प्रत ऑपरेटरकडे, एक कक्षाच्या कपाटात. नवीन पोरांना मी आधी ही वही वाचायला देतो, मग तारा पट्टीत दाबून बसवायचे क्रोनचे टूल हातात देतो. या मे महिन्यात जॅकवेलच्या केबलचे वाचन आमच्याकडच्या एका मुलीने एकटीने घेतले. अरेस्टर काढले का, हे मी विचारण्याआधीच तिने ते दोन्ही माझ्यासमोर टेबलावर ठेवले होते.