किती तापला असेल?

मध्यमवर्गीय मराठी घरात गेमिंग लॅपटॉप गेम खेळायला कधीच येत नाही. तो ‘अभ्यासासाठी’ येतो. ॲनिमेशनचा कोर्स, थ्रीडी, कोडिंग, शिवाय ‘पुढे कामाला येईल’. आईवडिलांना खरं काय ते ठाऊक असतं, त्यांना ठाऊक आहे हे मुलालाही ठाऊक असतं, आणि तरी हे नाटक दोन्ही बाजूंनी अगदी मन लावून वठवलं जातं. यंदा ते माझ्या बहिणीकडे झालं. बजेट पन्नास हजारांच्या आतलं. तेवढ्यात येणाऱ्या नव्या लॅपटॉपला भाचा ‘टाइपरायटर’ म्हणतो. मग जुना बघायचं ठरलं, आणि मी एके काळी स्वतःच्या हाताने रॅम बदलली होती एवढ्या पुण्याईवर माझी तज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली.

चाळणी लावता लावता दोन उरले. एक 2021चा, जाडजूड, आरटीएक्स 3060 कार्ड आणि आठ कोअरचा रायझन असलेला. मालक पुण्यातल्या वाकडला राहणारा, आयटीतला. दुसरा 2023चा, सडपातळ, आरटीएक्स 4050चा. तो शहरातल्या एका दुकानात ठेवलेला. मागणी जवळपास सारखीच. भाच्याचा जीव दुसऱ्यात अडकलेला. “मामा, ही चाळीसची सिरीज आहे!” यापलीकडे त्याच्याकडे मुद्दा नव्हता आणि त्याच्या मते लागतही नव्हता.

लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाची खरी गोम नावात नसते, वॅटमध्ये असते. लॅपटॉपचं 3060 हे 60 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवायला मिळतं. 4050 तर 35पासून 115पर्यंत. किती द्यायची ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, आणि ते अवलंबून असतं आत पंखे आणि तांब्याच्या नळ्या बसवायला जागा किती यावर. म्हणजे एकाच नावाची दोन कार्डं सख्खी भावंडं असूनही एक पैलवान आणि एक पथ्यावर. पूर्वी कमी विजेच्या प्रकाराला ‘मॅक्स-क्यू’ अशी वेगळी पाटी असायची, तीसच्या सिरीजपासून तीही गेली. आणखी गंमत म्हणजे डेस्कटॉपच्या मूळ 3060मध्ये 3584 कोअर आणि 12 जीबी मेमरी, तर लॅपटॉपच्या 3060मध्ये कोअर 3840 आणि मेमरी निम्मी. नाव मात्र तेच. नावं ठेवणाऱ्यांना नावं ठेवावीत तेवढी थोडीच.

सुदैवाने हा आकडा लपत नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडली की ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ दिसते. वाकडच्या जाड्याची 130 निघाली, म्हणजे 115 आणि वर गरजेपुरती 15. दुकानातल्या सडपातळाची 60. भाच्याचा चेहरा जरा उतरला, पण तो हार मानणाऱ्यातला नाही. “त्यात फ्रेम जनरेशन आहे,” तो म्हणाला. आहे खरं. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली फ्रेम घालून आकडा वाढवण्याची ही सोय चाळीसच्या सिरीजपासून आली. पडद्यावरची हालचाल त्याने गुळगुळीत होते. पण बटण दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही. मेमरी दोन्हींत 6 जीबीच; तिच्याकडे जाणारा रस्ता 3060ला 192 बिटचा, 4050ला 96चा. उलट 4050 कमी विजेत जास्त काम करतं, हेही तितकंच खरं. रोज पाठीवर घेऊन कॉलेजला जायचं असतं तर मीही त्याच्याच बाजूने बोललो असतो. भाचा मुख्यतः व्हॅलोरंटसारखा हलका गेम खेळतो. त्याला या दोन्हींचीही गरज नाही, पण ते त्या घरात मी बोलायचं नव्हतं.

कागदावरची तुलना इथे संपते. पुढचा प्रश्न कागदावर नसतोच: हा लॅपटॉप आजवर किती तापला असेल? गेमिंग लॅपटॉपचं वय वर्षांत मोजून भागत नाही. चिपवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट सुकते ती उष्णतेने, बॅटरी थकते तीही उष्णतेने आणि सतत शंभर टक्के भरून ठेवल्याने. गादीवर ठेवून दोन वर्षं खेळलेला लॅपटॉप टेबलावर चार वर्षं चाललेल्यापेक्षा म्हातारा असू शकतो. विदर्भातल्या मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत राहिलेल्याचं आयुष्य वेगळं, आणि मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेतल्याची पोर्टं वेगळी. तिथल्या लॅपटॉपचे स्क्रू आधी बघावेत. 2021चा माल म्हटला की आणखी एक शंका येते. त्या वर्षाच्या सुरुवातीला इथेरियमचं आभासी चलन काढण्यासाठी चीनमध्ये गेमिंग लॅपटॉप रांगेने मांडून रात्रंदिवस जुंपल्याचे फोटो जगभर फिरले होते. सप्टेंबर 2022मध्ये इथेरियमने ती पद्धतच सोडली, आणि त्या कामाची कार्डं जुन्या बाजारात उतरली.

मालकाला हे सगळं माहीत असतं, आपल्याला नसतं. जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या निबंधात नेमकी हीच गोष्ट मांडली. घेणाऱ्याला बरं-वाईट ओळखता येत नाही म्हणून तो सगळ्यांना मध्यम भाव देऊ करतो; त्या भावात चांगली वस्तू विकणं परवडत नाही, म्हणून चांगले विक्रेते निघून जातात आणि बाजारात रद्दी उरते. तो निबंध छापायला आधी काही नियतकालिकांनी नकार दिला होता. 2001मध्ये अकेरलॉफ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला त्यातून एवढंच उचलावंसं वाटतं की लॅपटॉपइतकंच विकणाऱ्याला वाचावं. किती दाखवतो ते बघावं.

वाकडच्या गृहस्थांनी चहाच्या आधी दोष सांगितले. डावीकडचं यूएसबी पोर्ट सैल आहे, काळ्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात उजेड झिरपतो. डब्ल्यू, ए, एस, डी ही चार बटणं घासून चकचकीत झाली होती. ती लपवायला कीबोर्ड बदललेला नव्हता, हे मला आवडलं. मागचं झाकण त्यांनी स्वतःच उघडलं. पंख्याच्या तोंडाशी धुळीचा करडा, नमद्यासारखा थर साचलेला. बॅटरीचा रिपोर्ट काढला: मूळ 80 वॅट-तास, उरलेली 66. चार वर्षांनंतर एवढी राहिली कारण चार्जिंगला 60 टक्क्यांची मर्यादा लावून ठेवलेली. मग ग्राफिक्स कार्डावर पूर्ण भार टाकणारं फरमार्क चालू केलं. पंख्यांनी असा सूर लावला की स्वयंपाकघरातून त्यांच्या आई डोकावून गेल्या. वीस मिनिटांनी ग्राफिक्सचं तापमान 82 अंशांवर स्थिर झालं, आणि वेग पडला नाही. धूळ असतानाही.

दुकानातला लॅपटॉप लखलखीत होता. बटणांवर ओरखडा नाही, पडदा निर्मळ, वजन हलकं. पण तळाच्या स्क्रूंची तोंडं खरवडलेली होती, आणि सोबतचा चार्जर भलत्याच कंपनीचा. त्यात वाईटच काही असेल असं नाही. कुणी नुसती रॅम वाढवली असेल. मी चाचणी मागितली. “काका, टेस्ट कशाला? सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी देतो ना,” दुकानदार म्हणाला. मूळ बिल विचारलं तर म्हणे, “आमचं देऊ.” झाकण उघडायला ठाम नकार. तो माणूस लबाड होता असं मी म्हणणार नाही; कदाचित तो लॅपटॉप वाकडच्यापेक्षा उत्तम असेलही. पण कदाचितचे पैसे मोजायला आम्ही निघालो नव्हतो.

वाकडचा घेतला. पंचेचाळीस म्हणत होते, त्रेचाळीसला दिला. मूळ बिल, मूळ चार्जर, खोक्यासकट. धूळ काढून नवी थर्मल पेस्ट लावून घेतली, त्याचे आठशे वेगळे. भाचा दोन दिवस चाळीसच्या सिरीजचं सुतक पाळून होता.

तुम्ही असा लॅपटॉप बघायला जाणार असाल तर ऐन दुपारी जा. चाचणीचे प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर सोबत न्या, मूळ चार्जर लावायला सांगा, खोलीतला एसी बंद करायची विनंती करा आणि अर्धा तास मागून घ्या. तो मिळाला नाही, तर चहा घेऊन निघा.