पांढरीखालची माणसं

ओतूरला मांडवीच्या काठी, कपर्दिकेश्वराजवळ, बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. वारकरी त्यांना तुकोबांचे गुरू मानतात. संन्याशाला समाधी द्यायची आणि तान्ह्या मुलाला पुरायचं. बाकीच्यांना आमच्याकडे अग्नी. जळालेल्या माणसाचं मागे काही उरत नाही.

मांडवीचं पाणी पुढे कुकडीतून घोडनदीला जातं. त्याच घोडनदीकाठी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात, डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी १९६८ पासून दीड दशक खणलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं, आणि घरांच्या जमिनीखाली त्यांची मुलं. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत लेकरू, शेजारी लहान भांडी. गावाबाहेर नाही, रोजच्या पायाखाली. राजांच्या शिलालेखांत असं काही वाचायला मिळत नाही. नाणेघाटात दानात दिलेल्या गायींचा हिशेब आहे, पण कोणाचं मूल गेलं हे कोण कोरणार?

मोठ्यांना उताणं निजवलेलं, डोकं उत्तरेला, पाय मात्र घोट्यापासून तोडलेले. मेलेल्याने परत येऊ नये म्हणून, असा उत्खननकर्त्यांचा तर्क. आई आजही ‘उत्तरेला डोकं करून झोपू नकोस’ म्हणते; धागा जुळवायचा मोह होतो. मी आवरतो. मधली तीन हजार वर्षं इतक्या सहज ओलांडता येत नाहीत.

एक पुरुष मात्र वेगळा. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला, पाय शाबूत. ढवळीकरांनी त्याला गावचा प्रमुख ठरवलं. असेलही. मला त्यात एवढंच पक्कं दिसतं की नियम सगळ्यांना सारखा नव्हता. मृताला कसं ठेवायचं हे जिवंतच ठरवतात, म्हणून हाडांपेक्षा मांडणी जास्त बोलते. ती हलली की हातात नुसतं हाड उरतं.

आणि ती हलते आहे. जुन्या वस्तीची पांढरी माती शेतात टाकायची आपली रीतच. आता ट्रॅक्टरच्या जोडीला जेसीबी आला. जुन्नर-आंबेगावच्या नदीकाठच्या शेतकऱ्यांना एवढंच सांगणं: पांढरीत रंगीत खापरं किंवा आडवे रांजण दिसले, तर ते उचलू नका. काम तिथेच थांबवा आणि तहसील कचेरीला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा.