कथलाचे मोल

देवळातील महाप्रसादाची जुनी तांब्याची तपेली मोडीत घालावयास आम्ही कंग्राळीहून बेळगावास कासाराकडे गेलो होतो. आमचा हिशेब सरळ होता : जितके वजन, तितका भाव. कासाराने मात्र आतली कल्हई नखाने खरवडून पाहिली, बुडाचे शिशाचे डाग मोजले आणि सरळ तूट धरली. कथील तांब्याहून महाग. त्याचे पैसे मिळणे दूरच, उलट वजावट! "वेगळे काढून आणा, मग दाम देतो. काढण्याचा खर्च माझ्या माथी का?" तो म्हणाला. आम्हांला राग आला, पण उत्तर सुचले नाही.

खाणीचा व्यवहारही असाच चालतो. राजस्थानातील जावरच्या दगडात शिसे व जस्त एकत्र सापडते. शिसे आटविणारा त्यात राहिलेल्या जस्ताचे दाम देत नाही. म्हणून दगड दळून, फेसावर तरंगवून, दोहोंची सत्त्वे निराळी करावी लागतात. तरीही प्रश्न उरे. जेथे शेकडो वर्षांपूर्वी मातीच्या मुशींतून जस्त काढीत, तेथलेच सत्त्व स्वातंत्र्यानंतर जपानला धाडून धातू परत आणावा लागे. 1968 साली देबारीचा कारखाना निघाला, तेव्हा कोठे हा द्राविडी प्राणायाम थांबला.

आणि आमच्या शिवेजवळ काय? येथल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात कोल्हापूरकडील पठारांवरचे बॉक्साइट येत आले. कढत कॉस्टिक सोड्यात त्यातील ॲल्युमिना विरघळतो. लोह, टायटेनियम व सिलिका तांबड्या चिखलात राहतात. थोडे गॅलियमही त्या सोड्यात उतरते. जगातील बहुतेक गॅलियम अशाच द्रवातून निघते, आणि 2023 साली चीनने त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा मोठमोठी राष्ट्रे चपापली. चिखलाची मात्र धास्तीच अधिक. 2010 साली हंगेरीत अयका येथे त्याचा बांध फुटून दहा माणसे दगावली. आता येथला चिखल सिमेंटच्या भट्ट्यांकडे जातो, ही समाधानाची गोष्ट. पण भट्टीवाल्यास त्यातले लोह हवे असते. टायटेनियमचे मोल कोणी करीत नाही, आणि वाहतूक महागली की लोहाचेही उरत नाही.

पुढच्या खेपेस आम्ही शहाणपणा केला. तपेल्यांचे डाग आधी लोहाराकडून तापवून उतरविले. कासाराने तांब्याचा पुरता भाव दिला. मूठभर शिसे निघाले, ते देवळाच्या कोठीत अजून पडून आहे. एवढ्याशा शिशाला गिऱ्हाईक नाही.