कोरी चौकट

चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली हे गाव ताडोब्याच्या अरण्याच्या दारातच वसलेले आहे. जवळच इरई धरणाचा विस्तीर्ण जलाशय आणि सभोवती साग व बांबू यांचे दाट रान, अशी त्याची जागा. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले आणि पुढे १९९५ साली या दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प आकारास आला. वाघ पाहण्यासाठी दूरदूरची माणसे मोहर्लीच्या प्रवेशद्वाराशी येतात. पण या गावातील एका घरी वाघापेक्षा पावसाचीच चर्चा अधिक चाले.

त्या घरातील वृद्ध गृहस्थांना सारे गाव 'आबाजी' म्हणत असे. त्यांच्या अंगणात, झाडांच्या सावलीपासून दूर, एक पर्जन्यमापक रोवलेला होता. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता आबाजी त्यातील पाणी मोजत. आपल्या देशातील हवामान खात्याची पाऊस मोजण्याची वेळ हीच आहे. आदल्या सकाळपासून त्या सकाळपर्यंत पडलेला पाऊस त्या दिवसाच्या तारखेपुढे लिहावयाचा, असा नियम आहे. आबाजींच्या वहीत दोनच रकाने होते. एकात तारीख आणि दुसऱ्यात पावसाचे मिलिमीटर. ज्या दिवशी पाऊस पडला नसेल त्या दिवशी ते शून्य लिहीत. पण पर्जन्यमापकापाशी गेल्यावाचून त्यांनी कधी शून्यदेखील लिहिले नाही.

या वहीला गावात मान होता. धानाचे पऱ्हे केव्हा टाकावे, रोवणीला केव्हा हात घालावा, हे ठरविताना शेतकरी आबाजींच्या ओटीवर येऊन बसत. "मागल्या साली पावसाने उघडीप कधी दिली होती?" असे कोणी विचारले की वही उघडली जाई.

आबाजींची नात सातव्या इयत्तेत शिकत होती. एके दिवशी गुरुजींनी तिला सांगितले, "आबाजींच्या वहीतील गेल्या पावसाळ्याच्या नोंदी संगणकावर उतरवून काढ. तो तक्ता आपण शाळेच्या भिंतीवर लावू. गावकऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल." मुलीला आनंद झाला. संगणकावरील कोष्टक हेही वहीच्या पानासारखेच असते. उभे रकाने, आडव्या ओळी आणि त्यांच्या छेदातून झालेल्या चौकटी. पहिल्या रकान्यात तिला १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंतच्या तारखा लिहावयाच्या होत्या. जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचे ३० मिळून १२२ दिवस!

ती एकेक तारीख लिहू लागली, तेव्हा गुरुजी हसून म्हणाले, "अगं, हे काम यंत्राचे आहे. पहिली तारीख तेवढी तू लिही." मग त्यांनी तिला युक्ती दाखविली. तारीख लिहिलेली चौकट निवडली की तिच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चिमुकला चौरस दिसतो. त्यावर बाण नेला की बाणाचे रूप अधिकचिन्हासारखे होते. तो दाबून धरावा आणि खाली ओढीत न्यावे. मुलीने पहिल्या चौकटीत १/६ आणि पुढे साल लिहिले व कोपरा धरून खाली ओढला. पाहता पाहता सारा रकाना भरून गेला.

पण वाचू लागताच ती चकित झाली. दुसऱ्या चौकटीत १/७ होते, तिसऱ्या चौकटीत १/८ होते आणि आठव्या चौकटीत तर चक्क १/१३ होते! 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण तिला ठाऊक होती. पावसाळ्यातील तेरावा महिना मात्र ती प्रथमच पाहत होती. गुरुजींनी उलगडा केला. आपण आधी दिवस लिहितो व मग महिना लिहितो. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात. तो संगणक अमेरिकी रीतीवर लावलेला होता. त्यामुळे १/६ म्हणजे त्याच्या लेखी ६ जानेवारी! मुलीचा पावसाळा ऐन थंडीत सुरू झाला होता. गुरुजींनी भारतीय रीत निवडून दिली आणि तारखांचा रकाना १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत नीट उभा राहिला. जून तीस दिवसांनी संपला, जुलै एकतिसांनी संपला. कोठेही चूक नव्हती.

"यंत्राला महिन्यांचे दिवस पाठ असतात का?" मुलीने विचारले. गुरुजी म्हणाले, "यंत्र तारीख ही तारीख म्हणून साठवीतच नाही; ते तिला एक संख्या समजते." एक्सेल या कोष्टकाच्या प्रणालीत १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस मानलेला आहे. तेथून एकेक दिवस मोजीत आले की १५ ऑगस्ट १९४७ या दिवसाची संख्या १७३९४ येते आणि २६ जानेवारी १९५० ची १८२८९ येते. पहिली संख्या दुसरीतून वजा केली की उत्तर ८९५ येते. स्वातंत्र्य मिळाल्यापासून आपण प्रजासत्ताक होईपर्यंत इतके दिवस लोटले, हे एका वजाबाकीने कळते. तारीख ही संख्या असल्यामुळेच यंत्राला पुढची तारीख लिहिणे सोपे जाते. ते केवळ एक मिळविते.

या मोजणीत एक गमतीची चूकही दडलेली आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते. कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप वर्ष ठरते. पण १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या प्रणालीने ते लीप वर्ष धरले होते. पुढे एक्सेलने, जुनी कोष्टके नव्या प्रणालीत बिनचूक उघडावीत म्हणून, ती चूक जाणूनबुजून तशीच ठेविली. त्यामुळे कधीही न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आजही तेथे मोजला जातो. एकदा खाली उतरलेली चूक किती दूरवर जाते, याचा हा नमुनाच होय.

मुलीला या युक्तीचा छंदच जडला. तिचे वडील प्रवेशद्वारावर पर्यटकांचे मार्गदर्शक होते. अरण्याच्या गाभाक्षेत्रातील सफारी मंगळवारी बंद असते. तिने लागोपाठचे दोन मंगळवार एकाखाली एक लिहिले, दोन्ही चौकटी एकदम निवडल्या आणि कोपरा खाली ओढला. यंत्राने दोहोंमधील सात दिवसांचे अंतर ओळखले आणि पुढचे सारे मंगळवार ओळीने मांडून दिले. वडिलांनी तो कागद कौतुकाने भिंतीवर लाविला.

आता उरले होते पावसाचे आकडे. तारखा तर लिहून झाल्याच होत्या. तेव्हा मैत्रिणीने वहीतील पावसाचा रकाना तेवढा मोठ्याने वाचावा आणि हिने भराभर आकडे भरावेत, असे ठरले. अर्ध्या तासात काम संपले. शेवटी २९ व ३० सप्टेंबरच्या चौकटी मात्र रिकाम्या राहिल्या. "शेवटच्या दोन दिवसांचे आबाजी विसरले असतील, पाऊस नसेलच," असे म्हणून मुलीने तेथे दोन शून्ये लिहिली. तक्ता पूर्ण दिसू लागला. छापलेला कागद घेऊन ती धावतच घरी आली.

आबाजींनी चष्मा लाविला आणि कागदावरून सावकाश बोट फिरविले. सप्टेंबरातील एका ओळीवर ते थांबले. "बाई, तान्ह्या पोळ्याला तुझ्या नंदीचा रंग कशाने गेला होता?"

मुलगी हसली. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो. तिने लाकडी नंदीला हौसेने रंग दिला होता आणि संध्याकाळी मिरवणुकीत अवचित पाऊस येऊन तो सारा ओघळून गेला होता. ती म्हणाली, "पावसाने, आबाजी! मी किती रडले होते!"

"मग त्या पावसाची नोंद कोणत्या तारखेला हवी?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला." तिने कागदाकडे पाहिले. त्या तारखेपुढे शून्य होते. आदल्या तारखेपुढेही शून्य होते. पाऊस होता तो मोठ्या पोळ्याच्या सकाळपुढे! तिचा चेहरा उतरला. जो पाऊस तिने स्वतःच्या अंगावर घेतला होता, तोच तिच्या तक्त्यात दोन दिवस आधी पडून गेला होता.

आबाजींनी वही तिच्यापुढे ठेविली. या वेळी तिने पावसाच्या रकान्याबरोबर तारखांचाही रकाना वाचला. जुलैत ११ तारखेनंतर एकदम १४ तारीख होती. मधल्या दोन दिवशी आबाजी आजारी भावाला भेटावयास परगावी गेले होते. मोजमाप झाले नाही, म्हणून त्यांनी त्या तारखाच लिहिल्या नव्हत्या. १४ तारखेच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत लिहिले होते, 'तीन दिवसांचा मिळून.' वहीत नोंदी होत्या १२० आणि यंत्राने तारखा लिहिल्या होत्या १२२. त्यामुळे १२ जुलैपासून पुढचा प्रत्येक आकडा दोन घरे वर सरकला होता. आणि जी दोन घरे शेवटी रिकामी राहून काही सांगू पाहत होती, त्यांची तोंडे तिने शून्यांनी बंद केली होती.

"जुलै म्हणजे रोवणीचा महिना," आबाजी शांतपणे म्हणाले. "हा तक्ता पाहून कोणी उघडिपीचा हिशेब केला असता, तर तो चुकला असता."

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत जाऊन प्रथम ती दोन शून्ये पुसली. मग पावसाच्या रकान्यात ११ जुलैच्या खाली दोन नव्या चौकटी घातल्या. त्याबरोबर खालचे सारे आकडे दोन दोन पायऱ्या उतरून आपापल्या तारखेशी जाऊन उभे राहिले. तान्ह्या पोळ्याचा पाऊस आपल्या जागी आला. तिने पडताळा पाहिला. आकडे १२० होते, कोऱ्या चौकटी २ होत्या आणि बेरीज १२२ होती.

मैत्रीण म्हणाली, "या दोन चौकटी वाईट दिसतात. वरचे दोन आकडे निवड आणि कोपरा ओढ. यंत्र भरून देईल." मुलीने केवळ पाहावे म्हणून तसे केले. वर ४ आणि ६ होते; यंत्राने क्षणात ८ आणि १० लिहून दिले. तारखांच्या रकान्यात दाखविलेले तत्परपणच त्याने येथेही दाखविले. तारीख कोणती आणि पाऊस कोणता, हे त्याला ठाऊक नव्हते. तारखा एकामागून एक येणारच. त्यांना कोणी पाहो वा न पाहो. पाऊस मात्र असा पायऱ्या मोजीत येत नाही. तो अंगणात जाऊन पाहावा लागतो आणि ज्या सकाळी कोणी पाहिला नाही, ती सकाळ गेलेली असते.

मुलीने ते दोन्ही आकडे पुसून टाकले. चौकटी पुन्हा कोऱ्या झाल्या. खाली तिने टीप लिहिली, 'दिनांक १२ व १३ जुलै रोजी मोजणी झाली नाही. १४ जुलैचा आकडा तीन दिवसांचा मिळून आहे.'

तो तक्ता शाळेच्या भिंतीवर लागला. येणारे गावकरी त्या दोन कोऱ्या चौकटींवर बोट ठेवून खालची टीप वाचीत आणि मगच बाकीचे आकडे पाहत. पुढील वर्षी १ जूनला सकाळी साडेआठ वाजता आबाजी अंगणात गेले, तेव्हा नात वही घेऊन त्यांच्याआधीच तेथे उभी होती. आभाळ निरभ्र होते. तिने वाकून पर्जन्यमापकात पाहिले आणि मग वहीत तारीख लिहून तिच्यापुढे शून्य लिहिले.