फोन कोणी ठेवला?

"तू रात्री कॉम्प्युटरसमोर बसून नक्की करतोस तरी काय?" हा प्रश्न आमच्याकडच्या प्रत्येक लग्नकार्यात कोणती ना कोणती मावशी-आत्या मला विचारतेच. "फोनच्या सर्व्हरचं बघतो" असं उत्तर दिलं की लगेच स्वतःचा मोबाईल पुढे येतो. "मग हे बघ ना जरा, पलीकडचा आवाजच येत नाही." बहुतेक वेळा स्पीकरच्या जाळीत कणीक अडकलेली असते. टाचणीने काढून देतो. आत्या खूष, मीही खूष.

पण प्रश्न खरा आहे, तेव्हा आज एकदाचं सांगूनच टाकतो. (ज्यांना तांत्रिक भागाचा कंटाळा येतो त्यांनी सरळ रक्तपेढीपाशी यावं.)

तुम्ही एखाद्या कंपनीत फोन करता, "मराठीसाठी एक दाबा" ऐकू येतं, मग संगीत वाजतं, मग कोणीतरी बोलतं. हे मधलं सगळं एक प्रोग्रॅम करत असतो. मी ज्याच्यावर पोट भरतो त्याचं नाव अ‍ॅस्टरिस्क. मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन मुलाने १९९९ मध्ये तो लिहिला. त्याने अलाबामात लिनक्सची मदत देणारी छोटी कंपनी काढली होती आणि ऑफिसला लागणारं फोन एक्स्चेंज विकत घ्यायला पैसे नव्हते. मग लिहूनच काढलं आणि जगाला फुकट वाटलं! आज नाशकातल्या एखाद्या दवाखान्याच्या जिन्याखाली, चपलांच्या रॅकशेजारी धूळ खात पडलेल्या डब्यातही तेच चालू असतं.

या डब्याला पडदा नसतो. मी गंगापूर रोडवरच्या घरातून दूरवरूनच त्यात शिरतो आणि 'अ‍ॅस्टरिस्क, हायफन आर, व्ही व्ही व्ही' अशी कमांड देतो. आर म्हणजे आधीच चालू असलेल्या सर्व्हरला नुसतं जाऊन चिकट, नवा सुरू करू नकोस. आणि जितके व्ही द्याल तितका तो जास्त बडबड करतो. मग काळ्या पडद्यावर ओळी सरकायला लागतात. अमक्याचा फोन आला, रांगेत उभा केला, तमक्याची घंटा वाजतेय, उचलला, दोघांना जोडलं, एक जण बाहेर पडला. हा झाला कन्सोल, म्हणजे आत्ता काय चाललंय ते. जे होऊन गेलं ते लॉगच्या फायलीत सापडतं.

त्यात काय काय असतं म्हणता! इंटरनेटवर उघडा असलेला फोनचा सर्व्हर म्हणजे रात्रभर कोणीतरी कडी वाजवून बघत असलेलं दार. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून शंभर, एकशे एक, एकशे दोन असे आतले नंबर ओळीने लावून बघणारे चोर येतात. आत शिरता आलं तर तुमच्या पैशांनी परदेशी फोन करायचे हा धंदा. पहिली काही वर्षं मला याची भीती वाटायची, आता रातकिड्यांसारखं वाटतं.

दुसरी गंमत वेळेची. तक्रार करणारा म्हणतो, "रात्री सव्वादोनला फोन केला होता." लॉगमध्ये सव्वादोनला काहीच नसतं. कारण सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचप्रमाणे लावलेलं असतं, आणि आपले सव्वादोन म्हणजे त्याच्या हिशेबात आदल्या दिवशीचे पावणेनऊ.

थोडं विषयांतर. आमचे काका टेलिफोन खात्यात होते. नोकरीची सुरुवात मुंबईला स्ट्राउजर एक्स्चेंजमध्ये. तुम्ही डायल फिरवलीत की तिथे रॅकमधला एक सिलेक्टर खटखट करत वर चढायचा आणि आडवा सरकायचा. अशा शेकडो सिलेक्टरांचा आवाज दिवसभर. काका सांगतात की बिघाड आधी कानाला कळायचा. आणि कोणाला निनावी फोनचा त्रास असेल तर त्याला सांगून ठेवायचे, फोन आला की ठेवू नका. जोडणी चालू असेपर्यंत ती यंत्रात प्रत्यक्ष दिसायची. मग हे लोक रॅकच्या गल्ल्यांमधून एका सिलेक्टरवरून मागच्या सिलेक्टरवर, तिथून आणखी मागे, असे शोधत जायचे. मी काकांना एकदा माझा काळा पडदा दाखवला. दोन मिनिटं बघून म्हणाले, "अरे, हे तेच आहे. फक्त तुला पायपीट नाही."

या स्ट्राउजरची कथाही मजेदार आहे. अल्मन स्ट्राउजर हा कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करायचा. असं सांगतात की आपल्याला येणारे फोन ऑपरेटर बाई मुद्दाम प्रतिस्पर्ध्याकडे जोडते असा त्याला संशय होता. म्हणून बाईच नको अशी युक्ती त्याने काढली आणि १८९१ मध्ये पेटंट घेतलं. म्हणजे जगातल्या स्वयंचलित एक्स्चेंजच्या मुळाशी ऑपरेटरवरचा संशय आहे. खालची हकीकत घडत होती तेव्हा मला हा माणूस सारखा आठवत होता.

तर रक्तपेढी. नाव सांगत नाही. नाशकातलीच. ओळखीतून काम आलं, आणि काम दुरुस्तीचं नव्हतंच मुळी. रात्रपाळीच्या ऑपरेटर बाई लोकांचे फोन कापतात अशा तक्रारी होत्या. त्यांना कारणे दाखवा नोटीस दिलेली होती आणि मी सर्व्हरमधून पुराव्याची पूर्ण यादी काढून द्यायची होती.

यादी काढणं अवघड नव्हतं. फोन रांगेतून जात असतील तर अ‍ॅस्टरिस्क त्यांची वेगळी नोंद ठेवतो आणि प्रत्येक कॉलच्या शेवटी फोन कोणी ठेवला तेही लिहितो. करणाऱ्याने ठेवला तर 'कम्प्लीट कॉलर', घेणाऱ्याने ठेवला तर 'कम्प्लीट एजंट'. महिन्याभरात या बाईंच्या पाळीत पंधरा सेकंदांच्या आत संपलेले आणि 'कम्प्लीट एजंट' लिहिलेले एकोणीस कॉल निघाले. दिवसपाळीत एकही नाही.

शिवाय रेकॉर्डिंग होतं. साहेबांनी मला त्यातलं एक ऐकवलं. माणूस स्पष्ट बोलतोय, "मॅडम, सिन्नरहून बोलतोय, बी निगेटिव्ह पाहिजे, अर्जंट आहे." बाई म्हणतात, "हॅलो? हॅलो, कोण? आवाज येत नाहीये." तो परत सांगतो, आता जरा ओरडूनच. बाई पुन्हा "हॅलो, हॅलो." आणि फोन ठेवला. "आता बोला," साहेब म्हणाले. "आपल्याला इतकं स्वच्छ ऐकू येतंय, आणि यांना नाही? झोपमोड नको म्हणून नाटकं सगळी."

खरं सांगायचं तर रेकॉर्डिंग ऐकून कोणाचंही तेच मत झालं असतं. माझं व्हायला लागलं होतं. पण बाईंचा नोटिशीला दिलेला खुलासा फाईलला लावलेला होता. एकच ओळ. "मला समोरच्याचा आवाज ऐकू येत नव्हता, कृपया फोन तपासावा." फोन तपासला होता म्हणे. म्हणजे दिवसा कोणीतरी उचलून बघितला आणि चालू होता.

मी विचारलं, रेकॉर्डिंग कुठे होतं? सर्व्हरवर. आणि रात्री बाई कुठे बसतात? तर रस्त्यापलीकडच्या इमारतीत, तातडीच्या खिडकीपाशी. तिथे वेगळं इंटरनेट, वेगळा राऊटर. दिवसाचा स्टाफ सर्व्हरच्याच इमारतीत. म्हणजे सिन्नरच्या माणसाचा आवाज सर्व्हरपर्यंत पोचला होता एवढंच ते रेकॉर्डिंग सांगत होतं. तिथून रस्ता ओलांडून बाईंच्या कानापर्यंत तो गेला की नाही, हे त्याला कसं कळणार? ते मधे बसलेलं आहे.

हे साहेबांना पटलं नाही. "तुम्ही कॉम्प्युटरवाले..." वगैरे. असो.

त्याच रात्री एकच्या सुमारास घरून कन्सोल उघडला. ताईंशी आधी बोलून ठेवलं होतं. मी मोबाईलवरून रक्तपेढीचा नंबर लावायचा आणि एक ते दहा आकडे म्हणायचे, ताईंनी ऐकू येईल तो आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायचा. कन्सोलवर 'आरटीपी सेट डिबग ऑन' केलं. आवाज पाकिटांतून जातो, वीस मिलिसेकंदांचं एक पाकीट, म्हणजे एका दिशेला सेकंदाला पन्नास. ही कमांड दिली की आलेल्या आणि पाठवलेल्या प्रत्येक पाकिटाची एक ओळ पडद्यावर येते. डोळ्यांनी वाचणं अशक्य, म्हणून सगळं फाईलमध्ये साठवत होतो.

पाच कॉल व्यवस्थित झाले. ताई इमानेइतबारे आकडे लिहीत होत्या. मला वाटायला लागलं, साहेबांचंच खरं की काय. सहाव्या कॉलला मी सातपर्यंत मोजलं आणि कानात आलं, "हॅलो? हॅलो सर? हॅलो?" व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रश्नचिन्ह.

फाईल उघडली. माझा आवाज सर्व्हरकडे आलेला, ठीक. ताईंचा आवाज रस्त्यापलीकडच्या राऊटरच्या बाहेरच्या पत्त्यावरून आलेला, ठीक. तो माझ्याकडे पाठवलेला, ठीक. आणि माझा आवाज ताईंकडे जायला हवा, तो पाठवला होता १९२.१६८.१.२३ या पत्त्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती असतात. 'माडीवरची खोली' म्हणावं तसे. प्रत्येक वाड्यात माडी असते, पण वाड्याबाहेर त्या पत्त्याला अर्थ नाही. ताईंच्या फोनने पत्त्याच्या जागी 'माडीवरची खोली' असं लिहून पाठवलं, आणि सर्व्हरने प्रामाणिकपणे आपल्याच वाड्यातली माडी गाठली. मुख्य इमारतीत त्या पत्त्यावर काय आहे म्हणून शोधलं तर हिशेब विभागाचा प्रिंटर! रात्री-अपरात्री रक्त मागणारी माणसं त्या प्रिंटरला आपला रक्तगट सांगत होती.

मग पाच कॉल कसे झाले? तर फोनमध्ये 'स्टन' नावाची सोय चालू होती. बाहेरच्या एका सर्व्हरला 'माझा खरा पत्ता काय?' असं विचारायचं आणि तो लिहायचा. उत्तर वेळेत आलं की सगळं सुरळीत. पलीकडचं नेट मंद झालं आणि उत्तर आलं नाही, की फोन आपला घरगुती पत्ता देऊन मोकळा. दिवसा तिथे कोणी नसतंच, त्यामुळे दिवसपाळीला याचा पत्ताही नव्हता.

उपाय एका ओळीचा. त्या फोनसाठी 'आरटीपी सिमेट्रिक' चालू केलं. म्हणजे आत लिहिलेल्या पत्त्यावर विसंबू नकोस, टपालाचा शिक्का कुठला आहे ते बघ आणि उत्तर तिकडे पाठव. नंतर पहाटेपर्यंत तीस-पस्तीस कॉल केले, एकदाही प्रश्नचिन्ह आलं नाही. शेवटी शेवटी ताई आकड्यांऐवजी जांभया देणारे बाहुले पाठवायला लागल्या.

नोटीस मागे घेतली गेली. त्यासाठी मला प्रिंटरची गोष्ट साहेबांना तीन वेळा सांगावी लागली आणि शेवटी कागदावर चित्र काढावं लागलं. लॉगमधली नोंद मात्र तशीच आहे. एकोणीस वेळा 'कम्प्लीट एजंट'. ती खोटी नाहीच, फोन ताईंनीच ठेवला होता.

नोटीस मागे घेतल्याचं पत्र घ्यायला ताई दिवसा आल्या तेव्हा मी तिथेच होतो. पत्राची घडी पर्समध्ये ठेवून त्यांनी विचारलं, "सर, ती रेकॉर्डिंगं मला ऐकता येतील का?" साहेबांनी मान डोलावली. हेडफोन लावून ताईंनी ओळीने सगळी ऐकली. मधे एकदाच थांबल्या. एक माणूस म्हणत होता, "ताई, मी हळू बोलतोय का? थांबा, बाहेर येऊन बोलतो."

"याला मिळालं का नंतर?" त्यांनी विचारलं. नंबरावरून शोधलं. चार मिनिटांनी त्याने परत फोन केला होता, ताईंनीच घेतला होता, दोन मिनिटं बोलणं झालं होतं. "हा आठवतो," ताई म्हणाल्या, "पहाटे आला होता. एवढ्या थंडीत अंगात स्वेटर नव्हता."

मग बाकीचेही शोधायला लावले. एकोणीसपैकी बारा नंबरांवरून परत फोन आला होता. सात नंबरांवरून पुन्हा कधीच नाही. ताईंनी ते सात नंबर कागदावर उतरवून घेतले आणि तिथल्याच फोनवरून एकेक लावायला बसल्या. चौघांनी उचलला. तिघांचं काम दुसऱ्या रक्तपेढीत झालं होतं. चौथ्याने सगळं ऐकून घेतलं, "आता नको" म्हणाला आणि फोन ठेवला.