सुरूखालचे रविवार

मॉरिशसमधल्या पहिल्या तीन वर्षांत रविवारी आम्ही फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर एकदाच गेलो, आणि तासाभरात परतलो. कात्र बोर्नमधल्या आमच्या घरापासून हा किनारा गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. पांढरी वाळू, मुलांना बिनधास्त सोडावं असं उथळ पाणी, लांबवर प्रवाळाच्या बांधावर फुटणाऱ्या लाटांची रेघ आणि पाठीशी सुरूची बनं. तिथे जायचं तर शनिवारी सकाळी किंवा सुट्टी टाकून आडवारी, असा माझा नियम होता. रविवारी नाही, कारण रविवारी तिथे ‘लोक’ असतात. हा शब्द मी कसा उच्चारायचे ते मला नीट आठवतं. त्या उच्चारासाठीच हे लिहायला बसले आहे.

2017 मध्ये नवऱ्याला एबेनला नोकरी लागली आणि आम्ही ठाण्याहून इथे आलो. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. बेट लहान आहे, 65 किलोमीटर लांब आणि 45 रुंद. आल्या आल्या मी बघण्यासारख्या जागांची यादी करून फ्रिजवर लावली. शामारेलची सात रंगांची माती, गंगा तलाव, इल ओ सेर्फ, पांप्लमूसची बाग, ल मोर्नचा डोंगर. दर आठवड्याला एक जागा. बघून झाली की फोटो मुंबईला पाठवायचे आणि नावापुढे खूण करायची. ल मोर्नसमोर आम्ही तीनदा फोटो काढले. मळ्यांतून पळालेले गुलाम याच डोंगराच्या कड्याकपारींत लपून राहत आणि 2008 मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो याच कारणाने, हे मला तिन्ही वेळा माहीत नव्हतं. पायथ्याशी फलक होता. मी तो वाचला नाही, कारण उन्हं कलायच्या आत फोटो घ्यायचा होता.

समुद्र शांतपणे बघायचा तर हॉटेलात दिवसभराचं पॅकेज घ्यायचं, हेही मीच ठरवलं होतं. आरामखुर्ची, छत्री, दुपारचं जेवण आणि आजूबाजूला कुणीही नाही. त्या शांततेचे पैसे मोजताना मला समाधान वाटायचं.

आणि सार्वजनिक किनाऱ्यावर काय असायचं? भाड्याच्या बसगाड्या सकाळी आठपासून येऊन लागायच्या. एकेका बसमधून आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत चाळीस-पन्नास माणसं उतरायची. सुरूखाली ताडपत्री पसरायची, बिर्याणीची देग उतरवायची, बर्फाच्या टपात बाटल्या घालायच्या. दुपारी रावान वाजायला लागायचं. रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचं मोठं, डफासारखं वाद्य, त्याच्याशिवाय इथला पारंपरिक सेगा नाच होत नाही. मग सगळेच उठायचे, लुगडं सावरत म्हाताऱ्यासुद्धा. जो एक रविवार आम्ही गेलो, त्या दिवशी माझा मुलगा त्यांच्या फुटबॉलकडे टक लावून बघत होता. एका पोराने त्याला हात करून बोलावलंही. मी मुलाचा दंड धरला आणि गाडीकडे निघाले.

शेजारी एक मावशी राहतात. मूळच्या मराठी. त्यांचे खापरपणजोबा रत्नागिरीकडचे, मुंबई बंदरातून जहाजाने आलेले. आम्ही राहायला आलो त्या दिवशी त्या कुंपणापाशी आल्या आणि एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, “आपले शुभनाव काय आहे?” मला हसू आलं. वाईट हेतू नव्हता, पण हसले खरी, आणि उत्तर इंग्रजीत दिलं, त्यांना सोपं जावं म्हणून. त्यानंतर त्या माझ्याशी कधी मराठीत बोलल्या नाहीत. इथली क्रिओल भाषा, थोडी फ्रेंच, थोडे हातवारे. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते. त्या मोदक आणून द्यायच्या, मी डबा रिकामा पाठवू नये म्हणून त्यात साखर घालून परत करायचे. संबंध तेवढाच. यांना मराठी येत नाही, नावापुरत्या मराठी आहेत, असं मी मनाशी नोंदवून टाकलं होतं.

दोन-तीन महिन्यांतून एकदा त्या कुंपणावरून म्हणायच्या, “दिमांस, पिकनिक, विनी.” रविवारी पिकनिक आहे, या. मी दर वेळी काहीतरी कारण सांगायचे. एकदा त्या बोलावून गेल्या आणि लगेच बहिणीचा फोन आला. अंगणातच उभी राहून मी बहिणीला म्हणाले, “अगं, बसा भरभरून येतात, खातात, ढोल बडवतात आणि जातात. समुद्र कसा बघायचा याची अक्कलच नाही या लोकांना.” कुंपणापलीकडे मावशी झाडांना पाणी घालत होत्या. पाण्याचा आवाज थांबला नाही.

25 जुलै 2020 च्या संध्याकाळी वाकाशियो नावाचं मोठं मालवाहू जहाज बेटाच्या आग्नेयेला, प्वँत देस्नीजवळच्या प्रवाळावर चढलं. 6 ऑगस्टला त्यातून इंधन तेल गळायला लागलं. अंदाजे एक हजार टन तेल तिथल्या खाजणात पसरलं. जवळच ब्लू बेचं संरक्षित सागरी उद्यान, जवळच इल ओ एग्रेत, जिथे गुलाबी कबुतरं जपली आहेत. तेव्हा करोनामुळे सीमा बंद होत्या. बेटावर पर्यटक नव्हते.

त्या शनिवारी आम्ही तिथून जवळच्या माएबूर गावाला गेलो. मदतीला गेलो होतो, असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं. ते खोटं आहे. आम्ही बघायला गेलो होतो. कित्येक महिने घरात काढल्यावर कुठेतरी जायला मिळेल, असं माझ्या डोक्यात होतं. फोन चार्ज करून घेतला होता.

गावात शिरण्याआधीच काचा बंद असूनही गाडीत वास आला. डोकं जड करणारा, घशात बसणारा. किनाऱ्यावर माणसंच माणसं होती. ट्रकमधून उसाचं पाचट उतरत होतं, त्याचे ढीग लागले होते. कापडाच्या आणि जाळीच्या लांबलचक नळ्या शिवून त्यात पाचट ठासायचं, तरंगायला रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या घालायच्या, तोंड शिवायचं आणि ती नळी पाण्यात सोडून तेल अडवायचं, असं काम चाललं होतं. तेल धरून ठेवायला केस चांगले, म्हणून लोकांनी केस कापून दिले होते. पंचवीस-तीस माणसं एकेक नळी खांद्यावर घेऊन पाण्याकडे चालत होती. परतणाऱ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत काळे.

मी ती माणसं ओळखली. एकाही चेहऱ्याची ओळख नव्हती, पण ओळखली. तेच टी-शर्ट, तशाच ताडपत्र्या, तशाच बर्फाच्या टपांत पाण्याच्या बाटल्या. एका बाजूला देगसुद्धा चढली होती, काम करणाऱ्यांसाठी. भाड्याच्या बसनेच आलेले बरेच होते. मी तीन वर्षं ज्यांना टाळलं, ते सगळे इथे होते. आणि मी हॉटेलच्या छत्रीखाली बसून ज्या समुद्राला माझा म्हणत होते, तो मरायला लागला तेव्हा फोन घेऊन उभी होते.

मी फोटो काढला का? हो, दोन काढले. तिसरा काढताना समोर मावशी दिसल्या.

त्या गोणपाटावर मांडी घालून बसल्या होत्या. हातात दाभण, मांडीवर सुतळीचं बंडल. त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, आता क्रिओलमध्ये काही म्हणतील. त्या म्हणाल्या, “तुम्हाला शिवता येते का?”

स्वच्छ मराठी. वाक्य पुस्तकातलं, पण एकही शब्द चुकीचा नाही. माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काय आलं असेल तर ते अंगण. फोन, मी, पाण्याचा न थांबलेला आवाज. त्यांना कळलं होतं. तेच नाही, तीन वर्षांत मी त्या अंगणात फोनवर बोललेला शब्द न् शब्द कळला होता. आणि तरी त्यानंतर दोन वेळा मोदक आले होते, आणि ‘विनी’ म्हणायचं थांबलं नव्हतं.

“येतं,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. त्यांनी दुसरी दाभण माझ्या हातात दिली आणि थोडं सरकून गोणपाटावर जागा केली.

गिरगावातल्या चाळीत आईला गाद्यांना टाके घालताना मी लहानपणी पाहिलं होतं, मदतही केली होती. हात आपोआप चालू लागला. पाचटाची पाती कापतात, कोपरापर्यंत बारीक चिरा पडल्या. मुलगा बाटल्यांची बुचं घट्ट करायला बसला. त्याला कुणी बोलावलं ते मी बघितलं नाही, आणि या वेळी दंडही धरला नाही. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. नळीचं तोंड शिवून झालं की मावशी सुतळी दातांनी तोडायच्या आणि पुढची ओढायच्या.

शेवटी मीच विचारलं, “मावशी, तुम्हाला सगळं मराठी कळतं?”

“कळते. शाळेत शिकले. बोलायला भीती वाटते.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “तुम्ही हसलात ना.”

यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. मी माफी मागितली. अंगणातल्या त्या बोलण्याचीही मागितली, नाव घेऊन, तेच शब्द पुन्हा उच्चारून, कारण मोघम माफी मागून सुटण्याची माझी लायकी नव्हती. त्या म्हणाल्या, “पा ग्राव्ह.” म्हणजे असू दे. आणि मग, मी न विचारता, शब्द शोधत शोधत त्यांनी रविवारचं सांगितलं. त्यांचे वडील उसाच्या मळ्यात मजूर होते. घराच्या मागच्या टेकाडावरून समुद्र दिसायचा, पण जायला वेळ नसायचा. वर्षातून एकदा गावातली घरं पैसे गोळा करून ट्रक ठरवायची आणि सगळे मिळून समुद्रावर जायचे. “बाबा पाण्यात उभे राहायचे. फक्त उभे. पुष्कळ वेळ,” त्या म्हणाल्या. समुद्र कसा बघायचा याची अक्कल.

त्या दिवशी तळहातांवरचं तेल साबणाने निघालं नाही. घरी आल्यावर खोबरेल तेल चोळून काढावं लागलं, आणि चोळताना मला आमचे गिरगाव चौपाटीचे रविवार आठवले. चाळीतली आठ-दहा बिऱ्हाडं, स्टीलच्या डब्यांत पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, वाळूत पसरलेल्या चादरी, कुणाचा तरी ट्रान्झिस्टर. आम्हीच ते ‘लोक’ होतो. शेजारून नाक मुरडत जाणारे असतीलच, आम्हाला ते दिसले नाहीत, इतके आम्ही मजेत होतो. मी मोठी झाले, बरे पैसे मिळू लागले, आणि चादरीवरून उठून त्या नाक मुरडणाऱ्यांत जाऊन बसले. मॉरिशसच्या माणसांविषयी माझा पूर्वग्रह होता, असं मी समजत होते. तो माझ्याच घराविषयी होता, आणि हे कबूल करणं मला जास्त जड जातं.

पुढच्या महिन्यात मी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट बघायला गेले. तीन वर्षांच्या यादीत तो नव्हता, कारण तिथे वाळू नाही. 1834 पासून करारावरचे मजूर बेटावर यायला लागले, आणि नंतर ते इथेच उतरायचे. पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख आले, बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशाकडून, पण तमिळ, तेलुगू आणि आपल्या कोकणातलेही. बंदराकडच्या बाजूला सोळा दगडी पायऱ्या उरल्या आहेत. प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळायचा. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापली जायची. हे वाचलं तेव्हा मला पाण्यात नुसते उभे राहणारे मावशींचे बाबा दिसले. त्यांचा काळ नंतरचा, पण सुट्टीच्या दिवसाची किंमत त्या घरात कुठून आली ते कळलं.

आता महिन्यातून निदान एक रविवार आम्ही मावशींच्या बसमधून जातो. मी पुऱ्या-भाजी करून नेते. रावान वाजवण्याआधी ते शेकावं लागतं, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. सुरूच्या वाळक्या काड्यांचा जाळ करतात, वाद्य त्याच्यासमोर तिरपं धरून हळूहळू फिरवतात, मधूनमधून बोटाने टिचकी मारून कान देतात. कातडं ताणलं गेलं की आवाज बदलतो. तो बदल ऐकू आला की सगळ्यांचं बोलणं थांबतं. मागच्या गणपतीनंतरच्या रविवारी मावशींच्या वहिनीने रावानच्या तालावर झाकरी म्हटली. आपल्या कोकणातली जाखडीच ती, इथे येऊन झाकरी झालेली. मला निम्मे शब्द कळले नाहीत. मी मावशींना अर्थ विचारला आणि त्यांनी मला मराठीत सांगितला.

गर्दी मला अजूनही पूर्ण आवडत नाही, हेही लिहायला हवं. दुपारी तीननंतर डोकं दुखतं. कचरा होतो. आम्ही निघताना पिशव्या भरतो, सगळेच भरत नाहीत. एखाद्या बुधवारी मी एकटी जाऊन बसते. पण पैसे देऊन शांतता विकत घ्यायला मी पुन्हा गेलेले नाही.

महाराष्ट्रातून इथे फिरायला येणारे पुष्कळ असतात, आठवडाभराचं पॅकेज घेऊन. त्यांच्या कार्यक्रमात रविवार बहुधा हॉटेलात विश्रांतीसाठी ठेवलेला असतो. तो दिवस मला द्या. सकाळी नऊच्या सुमारास फ्लिक आँ फ्लाकला या, सुरूखाली जिथे ताडपत्री दिसेल तिथे थांबा. कुणी ‘विनी’ म्हणालं तर बसा. आणि कुणी अडखळत तुमचं शुभनाव विचारलं, तर मराठीतच सांगा.